परमिट रूमवाल्यांनी कॉकटेल बारमध्ये कसं बसायचं

आपल्याकडे 'बसायचं' म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये. चार जण, टेबलावर एक हाफ नाहीतर दोन क्वार्टर, सोडा, बर्फाचं भांडं, शेंगदाणे-चकली-काकडी फुकट, मग मसाला पापड, चणा कोळीवाडा, आणि दर वीस मिनिटांनी "दादा, रिपीट". हे ज्यांना डोळे मिटून जमतं त्यांनाही पुण्यात कल्याणीनगर-कोरेगाव पार्क-बाणेरला, मुंबईत बांद्रा-खारला जे छोटे छोटे कॉकटेल बार झालेत तिथे गेल्यावर पहिला अर्धा तास काय करावं तेच कळत नाही. मेनूत ओळखीचं एक नाव नसतं, चखणा कोणी आणून ठेवत नाही, सातशे रुपयाच्या ग्लासात अर्धा बर्फ, प्लेटमध्ये मोजून तीन कोळंब्या. मग घरी जाताना रिक्षात "लुटतात साले" हा एकच विषय.

लुटतात का? कधीकधी हो. पण बऱ्याचदा आपणच तिथे परमिट रूमसारखं बसतो आणि मग पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. मला दोन्ही जागा आवडतात, एक भारी आणि दुसरी फालतू असं काही नाहीये. फक्त परमिट रूममध्ये आपण पैसे देतो ते बाटलीतल्या मालाचे आणि निवांत बसायचे, आणि कॉकटेल बारमध्ये देतो ते काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाच्या हाताचे. त्या हाताकडून काम कसं करून घ्यायचं एवढंच शिकायचंय, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आधी जायचं कधी

शुक्रवार-शनिवार रात्री नऊला पहिल्यांदा जाऊ नका. तेव्हा बारटेंडरला मान वर करायला वेळ नसतो, म्युझिक इतकं मोठं की ओरडून बोलावं लागतं, आणि चांगल्या ठिकाणी टेबल दोन तासांच्या स्लॉटवर देतात, म्हणजे रंगात आलात की कॅप्टन येऊन उभा. मंगळवार-बुधवार, संध्याकाळी साडेसात, ही खरी वेळ. उघडून थोडाच वेळ झालेला असतो, बर्फ ताजा, लिंबं नुकती पिळलेली (हा फरक लागतो बरं का, सकाळी पिळलेला लिंबाचा रस रात्रीपर्यंत मेलेला असतो), आणि काउंटरच्या स्टूलावर जागा असते.

आणि दोघं-तिघं असाल तर काउंटरलाच बसा. टेबल मागू नका. टेबलावर बसलं की तुमच्यात आणि बारटेंडरमध्ये एक वेटर येतो, तुम्ही त्याला सांगता "जास्त गोड नको", तो जाऊन सांगतो "एक नंबर, आठ नंबर, अकरा नंबर", तुमचं वाक्य मधेच गळून जातं. चारच्या वर माणसं असतील तर नाईलाज आहे, टेबल घ्या, पण मग ऑर्डर द्यायला एकाने उठून काउंटरपर्यंत जायला काही हरकत नसते, कोणी काही म्हणत नाही.

ओळखपत्र खिशात ठेवा, चाळिशीचे दिसत असलात तरी. महाराष्ट्रात वाइन-बिअरला वय २१ आणि हार्ड लिकरला २५, म्हणजे जिन-रम-व्हिस्कीवाली सगळी कॉकटेल २५ मध्ये येतात. गोव्यात सरसकट २१. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला तो पोर्शेचा अपघात झाला, दोन तरुण इंजिनिअर गेले, त्यानंतर पुण्यात पबवाल्यांवर कारवाया झाल्या आणि दारातलं चेकिंग बरंच कडक झालंय. ते बरोबरच आहे, दारात वाद घालू नका. परमिटचं म्हणाल तर १९४९ चा दारूबंदी कायदा कागदावर अजून जिवंत आहे, पिणाऱ्याकडे परमिट हवं, एक दिवसाचं ५ रुपयांत, वर्षाचं १०० आणि आजन्म १००० रुपयांत. काही बिलांवर ते पाच रुपये दिसतात, ते हे.

आणि ड्राय डे बघून जा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर लक्षात राहतात, पण मतदान संपायच्या आधीचे ४८ तास हमखास विसरतात लोक आणि मग दारातून परत.

मेनू बाजूला ठेवा, तोंडाने सांगा

मेनूवरची नावं बघून घाबरू नका. नाव काहीही असो, 'मान्सून डायरी' असो की 'आजीचं अंगण', खाली बारीक अक्षरात काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं. त्यात पहिला शब्द बघायचा, दारू कुठली आहे तो. बाकी पाच-सहा शब्द चवीचे असतात. पण खरं सांगू का, त्यापेक्षा सोपं म्हणजे सरळ बोलणं. बारटेंडरला तीन गोष्टी कळल्या की त्याचं काम होतं: कुठली दारू आवडते, चव आंबट हवी की कडू की गोडसर, आणि मोठ्या ग्लासात सोडा घालून हवं की छोट्या ग्लासात कडक. "जिनमध्ये काहीतरी आंबट, गोड कमी, मोठ्या ग्लासात." संपलं. हिंदीतच बोला, बरेचसे बारटेंडर डोंगराळ भागातून, ईशान्येकडून आलेले असतात, आणि नाव विचारलंत तर पुढची संध्याकाळ आणखी बरी जाते. "काहीतरी भारी बनव" हे मात्र सांगू नका, त्याला त्यातून काहीच कळत नाही आणि मग तो सगळ्यात जास्त खपणारं ड्रिंक हातात देतो, म्हणजे हल्ली पिकांते. टकिला, लिंबू, हिरवी मिरची, कोथिंबीर. वाईट नसतं, आपल्या जिभेला तर लगेच पटतं, पण ते तर तुम्हाला कुठेही मिळेल.

तुम्ही एरवी काय घेता त्यावरून सुरुवात करायची असेल तर माझा हिशोब असा आहे. व्हिस्की-सोडावाल्यांनी हायबॉल मागवावा, तेच आहे खरं तर, पण सोडा बर्फासारखा गार, ग्लास गार, आणि प्रमाण नीट, त्यामुळे आपण इतकी वर्षं काय पीत होतो असं वाटतं. व्हिस्की-पाणीवाल्यांनी ओल्ड फॅशन्ड घ्यावा, व्हिस्की, थोडी साखर आणि त्रिनिदादच्या अँगोस्टुरा बिटर्सचे दोन-तीन थेंब, बस. व्होडका-स्प्राइट पिणाऱ्यांनी टॉम कॉलिन्स, म्हणजे जिन, लिंबू, साखर, सोडा, हा आपला लिंबू सोडाच आहे, शिकलेला. ओल्ड मंक-थम्सअपवाल्यांनी रम, लिंबू आणि जिंजर बिअर असं सांगावं, आणि ज्यांना बिअरशिवाय काही जात नाही त्यांनी स्प्रिट्झ नावाचं काही दिसतंय का बघावं, मोठा ग्लास, फेस, हलकी कडवट चव, दारू कमी. कारलं आवडीने खाणारा कोणी ग्रुपमध्ये असेल तर त्याला निग्रोनी द्या. जिन, कांपारी (कडू लाल इटालियन दारू) आणि गोड वर्माउथ (जडीबुटी मुरवलेली वाइन), तिन्ही सारखं, तीस-तीस एमएल. १९१९ मध्ये फ्लोरेन्समध्ये निग्रोनी नावाच्या काउंटने सोड्याऐवजी जिन घाल म्हणून सांगितलं आणि हे जन्मलं अशी गोष्ट सांगतात, खरं-खोटं तो काउंट जाणे. पहिला घोट औषधासारखा लागतो, तिसऱ्या घोटाला पटायला लागतं.

बार कसा आहे ते तपासायचं असेल तर डॅकिरी मागवा. क्युबाचं ड्रिंक, पांढरी रम, लिंबाचा रस, साखरेचा पाक, तीनच गोष्टी. लपवायला जागाच नाही. लिंबू शिळं असेल, पाक जास्त पडला असेल, शेक अर्धवट झाला असेल, लगेच कळतं. डॅकिरी चांगली जमली तर त्या बारमध्ये मेनूवरचं काहीही बिनधास्त मागवा. धूर काढणारं, जळती दालचिनी ठेवलेलं, कवटीच्या ग्लासातलं वगैरे असतं ते नंतर. फोटोपुरतं एखादं ठीक आहे.

देशी मालाबद्दल विचारा, तिथे हल्ली मजा आहे. गोव्यात २०१७-१८ पासून ज्या जिन बनायला लागल्या, ग्रेटर दॅन, हापुसा, स्ट्रेंजर अँड सन्स, त्या आता सगळ्याच बारमध्ये असतात आणि महागड्या इम्पोर्टेडपेक्षा कॉकटेलमध्ये त्या घेतलेल्या काय वाईट. दख्खनच्या पठारावर बांधाला वाढतो तो घायपात, त्याची दारू आता बाटलीत मिळते, तिला टकिला म्हणता येत नाही कारण टकिला फक्त मेक्सिकोची, पण लिंबू-मिठाबरोबर छान जाते. मोहाची मिळते, तीही आता लेबल लावून. आणि फेणी. फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याकडे अजून वास घेतला की लोक ग्लास लांब करतात. त्यांनी काजूची फेणी कोकम, लिंबू, मीठ आणि सोड्यात घेऊन बघावी, तो वास ज्याचा त्रास होतो तोच कोकमाच्या आंबटपणात फळासारखा लागायला लागतो. पणजीला गेलात आणि मार्च-एप्रिल असेल तर फोंतेन्हासच्या गल्लीतल्या एखाद्या छोट्या बारमध्ये उर्राक घ्या, काजूच्या बोंडाच्या रसाची पहिल्या धारेची, फेणीपेक्षा बरीच हलकी, लिम्का, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. सिझनची गोष्ट आहे, जूनमध्ये जाऊन मागू नका.

शाकाहारी मंडळींनी एक विचारून घ्या. व्हिस्की सावरसारख्या ड्रिंकवर जो पांढरा मऊ फेस असतो तो बहुतेक वेळा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो, न सांगता येतो. "विदाउट एग" म्हटलं की विषय संपला, बहुतेकांकडे दुसरा उपाय असतो. तसंच मेनूवर 'क्लॅरिफाइड' लिहिलं असेल तर त्यात बऱ्याचदा दूध गेलेलं असतं, पनीर करताना फाडतो तसं दारू-लिंबाने दूध फाडून गाळून घेतात, ग्लासात दिसतं पाण्यासारखं स्वच्छ, त्यामुळे ज्याला दूध चालत नाही त्याला कळतही नाही. 'फॅट वॉश' म्हणजे तूप, लोणी किंवा खोबरेल तेलात दारू मुरवून, गोठवून वरचा थर काढून टाकलेला, वास तेवढा राहतो. उपासाला कोणी कॉकटेल बारमध्ये जात नाही म्हणा, पण ॲलर्जीवाल्यांनी सांगावं.

ड्रिंक आवडलं नाही तर? दोन घोटांत सांगा. "ये मेरे लिए थोडा मीठा है" एवढं पुरतं, चांगला बारटेंडर दुरुस्त करून देतो नाहीतर बदलून. अर्धा ग्लास पिऊन मग तोंड वाकडं केलं तर त्याने काय करायचं.

बर्फ कमी टाक म्हणू नका

ही आपली सगळ्यात जुनी सवय. परमिट रूममध्ये ती बरोबरही आहे, पेग डोळ्यासमोर ओतलेला असतो, बर्फ वितळला की पाणी. पण इथे दारू जिगरने, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्याने, मोजून पडते, ४५ किंवा ६० एमएल, बर्फ कमी केला म्हणून ती वाढत नाही. उलट होतं असं की थोडा बर्फ लवकर वितळतो, ड्रिंक धड गारही राहत नाही आणि पाणचटही होतं. भरपूर बर्फ एकमेकांना गार ठेवतो. म्हणूनच ते लोक एक मोठा चौकोनी काचेसारखा खडा टाकतात, त्याची हवेला-दारूला लागणारी बाजू कमी, वितळणं सावकाश.

काउंटरला बसलाच आहात तर एकदा निग्रोनी किंवा ओल्ड फॅशन्ड बनताना नीट बघा, फोन खाली ठेवून. काचेचं जाड भांडं, त्यात बर्फ गळ्यापर्यंत, वरून तीन वेळा जिगर पालथा, आणि मग लांब दांड्याचा चमचा आत घालून तो फिरवायला लागतो. खळखळ आवाज नाही, चमच्याची पाठ काचेला घासत जाते आणि बर्फ एकत्र एका चालीने फिरतो. वीस-तीस सेकंद. मधे एक थेंब हाताच्या मागच्या बाजूला टाकून चाटतो, पुन्हा चार वेढे. तो इथे ड्रिंक गार करतोय हे तर आहेच, पण त्यात पाणीही मुरवतोय, साधारण पाव भाग वाढेल इतकं, आणि ते पाणी नसेल तर तेच ड्रिंक घशाला जाळत जातं. शेवटी संत्र्याच्या सालीचा एक काप ग्लासवर धरून दोन बोटांत दुमडतो, दिव्याच्या उजेडात तेलाचा एवढासा फवारा उडालेला दिसतो, आणि ग्लास तुमच्यापर्यंत सरकवायच्या आधी वास पोचलेला असतो. लिंबाचा रस, अंडं, क्रीम असलं काही असेल तरच शेकर, नुसत्या दारूचं असेल तर चमचा. हे एकदा बघितलं की सातशे रुपयांपैकी तीनशे कुठे गेले ते कळतं. बाकीचे चारशे भाड्यात, लायसन्समध्ये आणि एसीत.

अजून एक. आठ जणांनी आठ वेगवेगळी कॉकटेल एका दमात सांगायची नाहीत. एकेक हाताने बनतं, शेवटचं होईपर्यंत पहिलं कोमट झालेलं असतं, आणि आपल्याकडे सगळ्यांचे आल्याशिवाय चिअर्स करत नाहीत. टेबलाने दोन प्रकार ठरवावे, चार-चार सांगावे, तो एकदम करतो, पाच मिनिटांत येतात. दुसऱ्या फेरीला अदलाबदल. "रिपीट" हा शब्द इथे चालतो तसा, पण तेच परत प्यायचं तर मग आलात कशाला.

किती झाली ते मोजायचं कसं

इथे बरेच लोक फसतात. पेग मोजायची आपल्याला सवय असते, कॉकटेल मोजायची नसते, गोड-आंबट सरबतासारखं लागतं, पाऊण तासात तीन होतात आणि उठल्यावर कळतं. साधा हिशोब सांगतो. आपल्याकडची व्हिस्की-रम-जिन ४२.८ टक्क्यांची असते, त्यामुळे तीसचा स्मॉल पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल. निग्रोनीत जिन तीसच असली तरी कांपारी आणि वर्माउथमध्येही दारू आहे, सगळं धरून दोन स्मॉल होतात. साठ एमएलवाला ओल्ड फॅशन्ड, तेही दोन स्मॉल. लाँग आयलंड आइस टी नावात चहा असला तरी पाच दारवा पंधरा-पंधरा एमएल, अडीच स्मॉल तरी धरा, आणि काही ठिकाणी तर मोठ्या हाताने ओततात. शरीर तासाला साधारण एक स्मॉल बाहेर काढतं, कोणाचं थोडं कमी कोणाचं थोडं जास्त, लिंबू चाटून किंवा कॉफी पिऊन तो वेग वाढत नाही.

म्हणजे तीन तासांच्या संध्याकाळीत दोन कॉकटेल, फार तर तीन, त्यातलं एक हलकं. पहिलं कडक, दुसरं लांब ग्लासातलं, असं उतरत जायचं, चढत नाही. प्रत्येकाच्या मधे एक ग्लास पाणी, "रेग्युलर वॉटर" असं स्पष्ट सांगा नाहीतर काचेची बाटली उघडून दीडशे-दोनशे लावतात. आणि रिकाम्या पोटी सुरुवात करू नका, त्यासाठीच पुढचा भाग.

तीन कोळंब्यांचं काय करायचं

स्मॉल प्लेट म्हणजे स्टार्टर नव्हे, आणि ती एकट्याची नसते. मधे ठेवायची, सगळ्यांनी उचलायची. गडबड होते ती दोन प्रकारची, एकतर सुरुवातीला भूक लागलेली असते म्हणून सात प्लेटा एकदम सांगतात आणि सगळ्या दहा मिनिटांत टेबलावर आदळतात, कारण किचन तयार होईल तसं पाठवतं, ते जेवणासारखं क्रमाने नसतं. नाहीतर मग भाव बघून दोनच सांगतात आणि सगळे उपाशी. चार जणांना आधी तीन प्लेटा, त्यात एक तळलेली, एक थंड किंवा आंबट, एक पोटाला आधार देणारी, म्हणजे पाव, बाओ, भाताचं काहीतरी. पहिलं ड्रिंक संपत आलं की आणखी दोन. शेवटी एक राहिली तर राहू द्या.

मी तर आधीच काहीतरी खाऊन जातो. वडापाव नाही, वरण-भात. चार घास. मग तिथे जीभ खाते, पोट नाही.

काय कशाबरोबर याचे फार नियम नसतात पण दोन गोष्टी खऱ्या आहेत. तळलेल्या आणि तुपकटाला आंबट ड्रिंक लागतं, रवा लावून तळलेला बोंबील आणि जिन-लिंबाचं काहीही, हे जुळतंच. आणि जळजळीत तिखटावर कडक दारू अजून झोंबते, त्यामुळे घी रोस्ट किंवा ठेचा लावलेलं काही मागवलं असेल (हल्ली ठेचा चीजवर, पनीरवर, पिझ्झावर सगळीकडे घालतात, काही ठिकाणी खरंच मिरची-लसूण असतो आणि काही ठिकाणी नुसता हिरवा रंग) तर त्याच्याबरोबर लांब ग्लासातलं, थोडं गोडसर घ्या. ओल्ड फॅशन्डबरोबर मला भाजलेलं, खारट, सुक्या मटणासारखं काहीतरी आवडतं. शेंगदाणेही चालतात. विचारा तर खरं, बऱ्याच बारमध्ये छोटी वाटी मागितली की देतात, फक्त आपणहून आणत नाहीत, आणि कधीकधी ती मेनूवर दोनशे रुपयाला 'स्पाइस्ड नट्स' म्हणून असते, तेव्हा आधी बघा.

न पिणारा मित्र किंवा वहिनी बरोबर असेल तर इथे त्यांची परमिट रूमपेक्षा फार बरी सोय होते. थम्सअप घेऊन कोपऱ्यात बसायची गरज नाही, तोच बारटेंडर तेवढ्याच मेहनतीने बिनदारूचं करून देतो, कोकम, आलं, चिंच, टॉनिक, मीठ. "मॉकटेल" म्हटलं की गोड सिरप येण्याची शक्यता असते म्हणून तेच तीन प्रश्न त्यांनाही लागू, आंबट की कडू, गोड किती, ग्लास कुठला. आणि "अरे एक घे ना, काही होत नाही" हे इथेही नको. वेटर कित्येकदा गुलाबी ड्रिंक बाईंसमोर आणि व्हिस्की पुरुषासमोर ठेवून जातो, न विचारता. आमच्यात हे दर वेळी उलटं असतं, आम्ही गपचूप ग्लास बदलतो.

बिल

पुण्यात कॉकटेल साधारण ५०० ते ९०० च्या मधे, प्लेट ३५० ते ७००, बांद्र्याला यात आणखी भर घाला. माणशी दोन ड्रिंक आणि वाटून खाणं धरलं तर दोन-अडीच हजार डोक्यात ठेवून जा, म्हणजे धक्का बसत नाही. बिलात दोन वेगळे कर दिसतील, खाण्यावर जीएसटी ५ टक्के आणि दारूवर राज्याचा व्हॅट, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ चा १० टक्के झाला. दारूवर जीएसटी लागत नाही, लावला असेल तर विचारा. सर्व्हिस चार्ज दिसला तर तो काढून मागायचा हक्क तुमचा आहे, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही हेच सांगितलं की तो सक्तीचा करता येत नाही. मी काढायला सांगतो आणि तेवढेच पैसे रोख काउंटरवरच्या माणसाच्या हातात देतो, नाहीतर त्याच्यापर्यंत किती पोचतात ते देव जाणे.

टीटीएमएम करणार असाल तर ते बसतानाच ठरवा. दोन प्यालेल्याने चार प्यालेल्याचे भरायचे, आणि न पिणाऱ्याने सगळ्यांचे, असं झालं की पुढच्या वेळी ग्रुपवर कोणी उत्तर देत नाही. ड्रिंक ज्याचं त्याचं, प्लेटा समान, हे सगळ्यात कमी कटकटीचं.

परतायचं कसं ते दुसरं ड्रिंक मागवायच्या आधी ठरलेलं हवं, शेवटच्या नंतर नाही. कायद्याची मर्यादा १०० एमएल रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि एक निग्रोनी रिकाम्या पोटी घेतली तरी बऱ्याच जणांची ती ओलांडली जाते, त्यामुळे "मला काही झालेलं नाहीये" याला नाक्यावर अर्थ नसतो. पहिल्यांदा पकडलात तर १० हजारापर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कल्याणीनगरला जायचं असेल तर वनाज-रामवाडी मेट्रो थेट तिथे सोडते, येताना मात्र अकराच्या आत उठावं लागतं, पण साडेसातला बसलात तर दहापर्यंत तसंही भरपूर झालेलं असतं. बार दीडपर्यंत चालू असले तरी लास्ट ऑर्डर त्याच्या बरीच आधी होते, आणि त्या वेळेला कॅबवाले दुप्पट भाडं दाखवतात आणि वर कॅन्सलही करतात. गाडी नेलीच असेल तर तासावर ड्रायव्हर मिळतात, बिल मागवलं की लगेच बुक करा, त्याला यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढ्यात पाण्याचा एक ग्लास आणि राहिलेली प्लेट संपते.